कागदोपत्री

फौजेतून पेन्शनीवर आलेल्या माणसाला आमच्या भागात गावच मेजर करतं. शिपाई म्हणून भरती झालेला गडी नाईक होऊन परतला, तरी एस.टी.तून उतरल्या उतरल्या चहावाला हाक मारतो, "या मेजर!" आणि त्या क्षणापासून तो मेजर. खरा मेजर व्हायला काय काय करावं लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण खटाव-माणच्या बाजूला तो विचार कोणी करत नाही. एकट्या आमच्या आळीत पाच मेजर आहेत. रात्री कोणी "ओ मेजर" म्हणून ओरडलं की पाच दारं उघडतात.

त्यातले आमच्या शेजारचे मेजर कागदोपत्री हवालदार आहेत. १९६९ साली कोल्हापूरच्या भरतीत उभे राहिले, सतरा वर्षं फौजेची गाडी चालवली आणि १९८६ साली काळी ट्रंक घेऊन परत आले. त्यांचं युनिट कोणतं ते मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं, तर हा अंक 'सोबत जोडपत्र' म्हणून कुठल्या तरी अर्जाला लागेल.

गाव चुकीचा हुद्दा लावतं याबद्दल त्यांनी आजवर एकदाही तक्रार केलेली नाही. ती चूक तोंडी आहे आणि तोंडी चुकांशी मेजरांचं काही भांडण नाही. भांडण आहे ते कागदावरच्या एका चुकीशी.

पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी आणि सोळा डिसेंबर या दिवशी मेजर निळा ब्लेझर घालतात. डाव्या छातीवर मेडलं. स्वतःची असतील तर डावीकडे, मेलेल्या बापाची किंवा नवऱ्याची असतील तर उजवीकडे, हे शाळेतल्या पोरांना ते दरवर्षी सांगतात आणि पोरं दरवर्षी विसरतात. पहिला पूर्वी स्टार, कारण १९७१ला त्यांची गाडी पूर्वेच्या आघाडीवर होती. शेजारी त्याच युद्धाचं संग्राम मेडल. मग अंगठ्याएवढी मोकळी जागा. मग नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं मेडल.

नवखा माणूस त्या मोकळ्या जागेकडे बघून हमखास विचारतो, "मेजर, एक कुठं पडलं वाटतं?" जाणकार विचारत नाहीत. विचारणाऱ्याची वडूजची एस.टी. चुकते, हा आमचा अनुभव आहे.

तर ती जागा अशी आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली. त्या दिवशी जो जो सैन्याच्या पटावर होता, त्याला त्याची आठवण म्हणून सरकारनं एक मेडल दिलं. त्यासाठी गोळी खावी लागत नव्हती की मारावी लागत नव्हती. लंगरच्या कुकला मिळालं, न्हाव्याला मिळालं, आदल्या महिन्यात भरती झालेल्या आणि अजून डावा-उजवा पाय न समजणाऱ्या रंगरूटाला मिळालं. मेजरांना मिळालं नाही. एक युद्ध अंगावर घेऊन आठ महिने झालेल्या माणसाच्या हजेरीलाच काट.

या मेडलाला एक पैसा जोडलेला नाही. शौर्यपदकाला भत्ता असतो, राज्य सरकारकडून रोख रक्कम मिळते. याला काही नाही. मेजरांच्या धाकट्या सुनेनं एकदा हे नीट विचारून घेतलं आणि तेव्हापासून ती या विषयात पडत नाही. मीही सुरुवातीला म्हणालो होतो की मेजर, ज्याचं कौतुक नाही त्या मेडलासाठी एवढी तडफड कशाला?

"मास्तर, शौर्याचं न्हाई मिळालं, मी कधी बोललो? साहेबाला दिसलं नसंल, धूर असंल. पर हे हजेरीचं हाय. हजेरी लागली न्हाई म्हंजे मी गैरहजर. पंध्रा ऑगस्ट बहात्तरला मी फौजेत नव्हतो, तर मग व्हतो कुठं?"

या स्वभावाचं मूळ कार डायरीत आहे. फौजेतल्या प्रत्येक गाडीला अशी एक वही असते. गाडी कुठून निघाली, कुठे गेली, मीटर किती होता, किती झाला, कोणाच्या कामाला गेली आणि खाली त्या कामवाल्याची सही. गाडी प्रत्यक्ष पन्नास मैल धावली आणि वहीत चढली नाही, तर ती धावलीच नाही. आता पेट्रोल कुठं गेलं ते सांगा. सतरा वर्षं ही वही भरली की माणसाला वाटायला लागतं की घडणं आणि लिहिणं या दोन गोष्टी नाहीतच. मुलानं मोटारसायकल घेतली त्या दिवशी मेजरांनी डिकीत एक दोनशे पानी वही ठेवली. मला एकदा झेरॉक्ससाठी वडूजला मागे बसवून नेलं. परत आल्यावर वही पुढे केली. 'प्रवासाचे कारण : झेरॉक्स. प्रवासी : मास्तर.' मी सही केली. त्याशिवाय मला उतरू देतील असं दिसत नव्हतं.

बहात्तर सालाबद्दल आमच्याकडे वेगळं काही सांगावं लागत नाही. 'बहात्तरचा दुष्काळ' म्हटलं की म्हातारी माणसं आपोआप घरातल्या पाण्याच्या हंड्याकडे बघतात. त्या वर्षी ऑगस्टात मेजर दोन महिन्यांच्या सालाना सुट्टीवर गावात होते आणि भावाबरोबर विहिरीतला गाळ काढत होते. पंधरा ऑगस्टला गुरुजींचा निरोप आला म्हणून गाळ धुऊन, इस्त्रीची वर्दी घालून ते शाळेत गेले आणि झेंड्याला असा कडक सलाम ठोकला की पहिलीची दोन पोरं घाबरून रडली. अख्ख्या गावानं त्यांना वर्दीत बघितलं. नेमकं त्याच दिवशी, हजार मैलांवर, युनिटच्या ऑफिसात कारकून मेडलांची यादी करत होता. त्यानं समोर होते ते मोजले. सुट्टीवरच्यांची पुरवणी यादी मागाहून करायची होती. ती केली का, कुठे पाठवली, वाटेत कोणत्या कपाटात झोपली, याबद्दल मेजरांचे चार वेगवेगळे सिद्धान्त आहेत आणि चारही सिद्धान्तांत एक क्वार्टर मास्टर आहे.

मेडलं प्रत्यक्ष वाटली गेली तेव्हा मेजर गाडी घेऊन दुसरीकडे गेले होते. परत आल्यावर "अगली बार" असं उत्तर मिळालं. अगली बार त्यांची बदली झाली. नव्या युनिटनं जुन्या युनिटला विचारा म्हणून सांगितलं. जवान माणूस, लग्न ठरत होतं, कोण विचारत बसतो? डिस्चार्जच्या दिवशी पुस्तक हातात पडलं. मेडलांच्या रकान्यात तीन ओळी होत्या. खाली छापलेलं होतं, की वरील नोंदी वाचल्या, बरोबर आहेत. चार वाजताची गाडी गाठायची होती. मेजरांनी सही केली.

ती सही हा या सगळ्या प्रकरणातला एकमेव विषय आहे, ज्यावर मेजर बोलत नाहीत. काकू बोलतात. "लग्नात उखाणा घ्यायला सांगितला तर अर्धा तास इचार केला ह्यांनी. आन् तिथं न वाचता सही!"

मी हायस्कूलला इंग्रजी शिकवायचो, म्हणून अर्ज लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मेजर फौजी हिंदीत सांगतात, मध्येच चिडले की मराठीत येतात आणि मी ते इंग्रजीत टाईप करतो. सुरुवातीला मला वाटायचं की मी त्यांना मदत करतोय. लवकरच कळलं की मी क्लार्क आहे आणि तोही कच्चा. फौजी पत्राचा एक साचा असतो. विषय मोठ्या लिपीत आणि खाली रेघ. प्रत्येक परिच्छेदाला आकडा. पॅरा एकमध्ये आधीच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख. शेवटी 'माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी, प्लीज'. तो 'प्लीज' वाक्याच्या अगदी टोकाला यायला हवा. मी इंग्रजीचा मास्तर, मला तो तिथं सहन होईना, म्हणून मी उचलून आधी घेतला. मेजरांनी कागद परत केला. "मास्तर, प्लीज पयलं आलं म्हंजे आपण भीक मागतोय. प्लीज शेवटी आलं म्हंजे हुकूम हाय, पर सभ्य."

एकदा मी माझ्या मनानं एक हृदयस्पर्शी परिच्छेद घातला. ऐन तारुण्य देशसेवेत घालवलेल्या एका सैनिकाची आयुष्याच्या संध्याकाळी वगैरे. त्यांनी तो ऐकला, चष्मा काढला आणि म्हणाले, "ह्ये कोण मेलंय?" परिच्छेद गेला. शेवटी सवयीनं 'थँकिंग यू' लिहिलं होतं, तेही गेलं. "अजून दिलंय काय त्यांनी? दिल्यावर बघू."

उत्तरं यायची. उत्तरं येत नाहीत असा आपला एक समज असतो, तो चुकीचा आहे. फौजेतून उत्तर येतंच, फक्त त्यात काही नसतं. प्रकरण संबंधितांकडे पाठवलं आहे. संबंधितांकडून माहिती मागवली आहे. आपल्या डिस्चार्ज बुकाची प्रत जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यानिशी पाठवावी. पाठवली. डिस्चार्ज बुकाच्या प्रतीवरून असं दिसतं की आपणास हे मेडल मिळालेलं नाही. इथं मेजर तासभर अंगणात फेऱ्या मारत होते.

आणि एकदा ते थोर पत्र आलं, ज्यात पार्ट टू ऑर्डरची प्रत मागितली होती. हे समजायला हवं. फौजेत माणसाचं जे काही होतं, लग्न, मूल, बढती, बदली, सुट्टी, शिक्षा, मेडल, ते पार्ट टू ऑर्डरमध्ये छापून यावं लागतं. तिथून ते रेकॉर्ड ऑफिसातल्या शीट रोलवर चढतं. छापलं नाही तर लग्न झालेलं नसतं, मग बायको चार पोरांसह समोर उभी का असेना. मेजरांच्या मेडलाची पार्ट टू ऑर्डर कोणी छापलीच नव्हती. तक्रार तीच होती. आता ऑफिस म्हणत होतं की त्या ऑर्डरची प्रत आपल्याकडे असल्यास पाठवावी. "ज्याच्या घरी चोरी झाली त्यानंच चोराची पावती आणायची," मेजर म्हणाले आणि पॅरा एक सांगायला बसले.

पुराव्याच्या शोधात त्यांनी शाळेचा माळा उपसला. बहात्तर सालचं शेरेबुक सापडलं, ते आम्ही खिडकीशी नेऊन वाचलं. पंधरा ऑगस्टची नोंद गुरुजींच्या सुरेख वळणदार अक्षरात होती. ध्वजवंदन झाले. सरपंच, पोलीस पाटील व गावातील प्रतिष्ठित मंडळी उपस्थित होती. मुलांना गूळ-शेंगदाणे वाटण्यात आले. मेजर कुठेच नव्हते. "प्रतिष्ठितमध्ये तुम्ही येताच," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी ते वाक्य परत घेतलं. शेंगदाण्याची नोंद आहे आणि सलामाची नाही, हे त्यांना फार लागलं.

खरा पुरावा निघाला तो देव्हाऱ्यातून. दसऱ्याच्या आधी घर सारवायला काढलं, तेव्हा खंडोबाच्या तसबिरीमागे एक पिवळा कागद मिळाला. बहात्तर सालचं सुट्टीचं सर्टिफिकेट. कधीपासून कधीपर्यंत, शिक्का, साहेबाची सही, सगळं जागच्या जागी. मेजरांच्या आईला वाचता येत नव्हतं. वर सिंहांचा शिक्का बघून देवाचाच काहीतरी कागद असणार असं तिनं ठरवलं आणि जपून ठेवला. वर्षानुवर्षं त्याला हळदीकुंकू लागत होतं. मेजरांनी तो लॅमिनेट केला. हळदीसकट.

दरम्यान मुलानं एक व्यवहारी मार्ग काढला होता. कॅन्टोन्मेंटच्या बाजारात वर्दी शिवणाऱ्यांकडे सगळी मेडलं विकत मिळतात. त्यात लबाडी नसते. सरकारकडून अस्सल मेडल यायला इतका उशीर होतो, की नोकरीतले जवानही परेडपुरती तीच लावतात. मुलगा पुण्याहून येताना ते एक मेडल घेऊन आला, रिबिनीसकट, चकचकीत. मेजरांनी हातात घेऊन कड फिरवून बघितली. अस्सल मेडलाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. ही कड कोरी होती. "ह्यावर नाव न्हाई," ते म्हणाले, "म्हंजे हे कुणाचं बी हाय." नातवानं ते दिवाळीच्या किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या पायाशी ठेवलं, ते अजून किल्ल्याच्या सामानाच्याच एका डब्यात आहे.

मेजरांचा एकच माणूस खऱ्या अर्थानं शत्रू आहे आणि तो त्यांचा सर्वात जवळचा मित्र आहे. वरच्या आळीचे सुभेदार. हे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे. आणि जंगीचा माणूस तुम्हाला ते दुसऱ्या वाक्यात सांगतोच. त्यांच्या छातीवर पंचविसाव्या वर्षाचं मेडल आहे. ते बहात्तरला सुट्टीवर नव्हते, एवढंच त्यांचं कर्तृत्व, असं मेजर खासगीत म्हणतात. दर डिसेंबरला दोघं मिळून कराडला विजय दिवसाला जातात, शेजारी बसतात आणि येताना एस.टी.त सुभेदार जमालपूरची गोष्ट सांगतात.

गोष्ट खरी आणि झकास आहे. डिसेंबर १९७१. जमालपूरला वेढा पडलेला. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी समोरच्या बलुच पलटणीला पत्र धाडलं, की विनाकारण रक्त सांडू नका, शरण या. पलीकडचे कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तर पाठवलं आणि कागदात बंदुकीची एक गोळी गुंडाळली. लेखणीनं काय लढता, या मैदानात, असा भाव. नंतर रात्री ते वेढा फोडून निसटायला निघाले आणि थेट जंगीच्या पुढ्यात आले. इथं सुभेदारांचा आवाज चढतो. एस.टी.तली माणसं माना वळवतात, कंडक्टर तिकिटं थांबवतो. मेजर डोळे मिटून ऐकत असतात. गोष्ट संपली की ते दरवर्षी विचारतात, "त्या पत्रावर संदर्भ क्रमांक व्हता का?"

सुभेदार खिडकीबाहेर बघायला लागतात.

हसायला ठीक आहे, पण या वेडाचा गावाला केवढा उपयोग झाला हे सांगितलं पाहिजे. पेन्शनचं काम 'स्पर्श' नावाच्या संगणकी पद्धतीवर गेलं, तेव्हा प्रयागराजच्या पेन्शन कचेरीच्या नोंदीतलं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळेना म्हणून अर्धी आळी हवालदिल झाली. बायकांचे हाल तर विचारू नका. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. माहेरची शकुंतला सासरी मंगल होते, फौजेच्या कागदावर क्लार्कच्या कानाला ऐकू येईल तशी मंगला होते, रेशनकार्डावर मंगलबाई आणि आधारवर पुन्हा शकुंतला. नवरा जिवंत आहे तोवर कोणाचं काही अडत नाही. तो गेला की सरकार विचारतं, या चारजणींपैकी विधवा कोण?

अशा बाया मेजरांच्या ओट्यावर येतात. ते आधी गेलेल्या माणसाला शिव्या घालतात. "जितेपणी पार्ट टू ऑर्डर करून घ्यायला काय झालं व्हतं त्याला? कॅन्टीनची बाटली आणायला बरा दर महिन्याला सातारला जायचा!" बाई पदरानं डोळे पुसता पुसता हसते, कारण ते खरं असतं. मग ट्रंक उघडते. प्रतिज्ञापत्र, लग्नाची पत्रिका, शाळेचा दाखला, गॅझेट, जोडपत्र अ, जोडपत्र ब. पैसे घेत नाहीत. चहा घेतात, तोही बिनसाखरेचा, आणि वहीत लिहून ठेवतात. चौघी-पाचजणींची अडकलेली कुटुंब पेन्शन त्यांनी मोकळी करून दिली. वरच्या आळीची एक म्हातारी तर त्यांना बघितलं की रस्त्यातच पाया पडते. ते घाबरून दुसऱ्या गल्लीत शिरतात.

एवढा कागदाचा माणूस, पण त्याची स्वतःची जन्मतारीख १ जून १९५० आहे. महाराष्ट्रात शाळेत घातलेल्या निम्म्या जुन्या माणसांचा जन्म १ जूनलाच झालेला आहे, ही गुरुजींची कृपा. मेजरांची आई सांगायची की हा माउलीची पालखी लोणंदला आली त्या दिवशी झाला, म्हणजे आषाढीच्या तोंडावर. मी एकदा त्यांना कोंडीत पकडलं. म्हटलं, मेजर, हीसुद्धा चूकच की, मग ही का दुरुस्त करत नाही?

ते जराही गडबडले नाहीत. "जन्म मी बघितला न्हाई, मास्तर. पंध्रा ऑगस्ट मी बघितलाय."

शेवटी गाडं हललं ते माहितीच्या अधिकारात विचारलेल्या एका प्रश्नानं. आम्ही आधीही दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून अर्ज केले होते, पण 'माझ्या मेडलाचं काय झालं' छापाचे. त्याची उत्तरं ठरलेली. एके दिवशी पहाटे मेजरांनी माझं दार वाजवलं. अंगावर घोंगडी, हातात बॅटरी. "लिवा," म्हणाले, "सुचलंय." प्रश्न असा होता : १५ ऑगस्ट १९७२ रोजी अर्जदार आपल्या नोंदीनुसार सैन्यात नसल्यास, ऑगस्ट १९७२ चा त्याचा पगार कोणाला दिला आणि तो वसूल करण्यासाठी आजवर काय कार्यवाही केली, प्लीज?

सरकारी पत्रव्यवहारात मी इतकं सुंदर वाक्य वाचलेलं नाही. मेडलाचा प्रश्न कोणाच्याही टेबलावर दहा वर्षं झोपू शकतो. पगाराचा प्रश्न टेबलावर पडला की हिशेबाचा माणूस खडबडून उठतो. सोबत हळदीचं सर्टिफिकेट होतंच. काही महिन्यांत सूर बदलला. आपल्या प्रकरणाची फेरतपासणी चालू आहे. मूळ सर्टिफिकेट पडताळणीसाठी पाठवावं. मेजरांनी मूळ पाठवलं नाही. स्वतः घेऊन गेले, दाखवलं, परत आणलं आणि तिथल्या बाबूची वहीत सही घेतली.

आणि परवा रजिस्टर पत्र आलं. मी फोडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाच्या मेडलाची नोंद घेण्यात आली आहे. पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध झाली आहे. डिस्चार्ज बुकातल्या दुरुस्तीचं पत्र सोबत. काकूंनी देवापुढे साखर ठेवली. पोरगा पेढे आणायला पळाला, वहीत न लिहिता. सुभेदार वरच्या आळीतून धापा टाकत आले आणि त्यांनी मेजरांना, मी पहिल्यांदाच बघितलं, रीतसर सलाम केला.

मेजर भिंग घेऊन दुरुस्तीचं पत्र वाचत होते. सावकाश, बोट ठेवून. या खेपेला कोणतीही चारची गाडी गाठायची नव्हती. पूर्वी स्टार. संग्राम मेडल. बोट थांबलं.

"मास्तर, ह्ये काय हाय?"

संग्राम मेडलाच्या खाली आणि पंचविसाव्या वर्षाच्या वर, आणखी एक ओळ होती. सैन्य सेवा मेडल, त्यावर 'हिमालय' पट्टी.

"हिमालयात कधी होता तुम्ही?" मी विचारलं.

"मी हिमालय क्यालेंडरवर बघितलाय."

कुठल्या तरी दुसऱ्या माणसाची ओळ टाईप करताना यांच्यात येऊन बसली होती. सुभेदारांनी पत्र हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरं, आयला! एक मागितलं, दोन मिळाली. आन् क्रमानं बी बरोबर मोकळ्या जागेतच बसतंय की. ठेव."

"मी गेलो न्हाई तिथं."

"कोण बघायला येतंय?"

"तुमच्या जमालपूरला तरी कोण बघायला आलं व्हतं, सुभेदार?"

पेढ्यांचा पुडा घेऊन आलेला मुलगा दारातच थांबला. सुभेदारांनी पत्र खाली ठेवलं. मेजरांनी ते उचललं, घडीवर घडी घातली आणि जरा वेळानं, कोणालाच उद्देशून नाही असं, म्हणाले, "ह्ये कुणाचं तरी हाय. त्यो बर्फात सडलाय आन् त्येच्या बुकात ही ओळ न्हाई. तिकडं कुठंतरी ब्लेझरवर बोटभर जागा सोडून बसला असंल."

काकूंनी कपाळाला हात लावला. "आता पुन्हा?"

मेजरांनी ट्रंक ओढली. मी चष्मा पुसून कॉम्प्युटर चालू केला. एक विचारून घ्यावं म्हणून विचारलं, या खेपेला तरी 'थँकिंग यू' घालू ना? मेडल तर दिलंय त्यांनी.

"घाला," ते म्हणाले. "पर पॅरा दोनला. पॅरा एक : हिमालय कमी करणेबाबत."